वाचक विचारतात: अरबी शिकायला परदेशी, आणि राहायला कुणाच्या तरी घरी

मागच्या अंकात अरबी शिकण्यावर जेमतेम पानभर लिहिलं होतं, त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे तरी एकाच गोष्टीवर आहेत, होस्ट फॅमिली. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. माझा मुक्काम जॉर्डनची राजधानी अम्मानला आणि नंतर मोरोक्कोत फेसला झालाय, त्यामुळे उत्तरं बरीचशी तिथलीच असणार हे आधीच सांगून टाकते.

ताई, मी दोन वर्षं क्लासमध्ये फुस्हा, म्हणजे पुस्तकी प्रमाण अरबी, शिकतोय, वाचता बऱ्यापैकी येतं. आता सहा महिने बाहेर जायचंय. पण घरात राहिलो की सगळे बोलीभाषेत बोलणार, मग माझी फुस्हा बिघडणार नाही का? आणि शहर कुठलं घेऊ?

नाही बिघडत. उलट बोली न येता सहा महिने काढलेस तर पेपर वाचता येईल आणि जेवणाच्या टेबलावर मुका बसशील, जे जास्त वाईट. अरबीत हे दोन मजले आहेतच, चार्ल्स फर्ग्युसन नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ साली यावर जो गाजलेला लेख लिहिला त्यात अरबी हे पहिल्या फळीतलं उदाहरण होतं. बातम्या, भाषणं, सरकारी कागद, पुस्तकं हे सगळं फुस्हा. भांडण, लाड, भाजीचा भाव, फोन हे सगळं बोली, आणि बोली देशागणिक वेगळी. साधं 'आत्ता' म्हणायचं तर पुस्तकात अल-आन, अम्मानमध्ये हस्सा, कैरोत दिलवअती आणि फेसमध्ये दाबा. आता तू घरात जाऊन अल-आन म्हणालास तर सगळ्यांना कळेल, राग कुणालाच येणार नाही, पण घरातली पोरं खिदळतील, कारण त्यांच्या लहानपणीची डब केलेली कार्टून्स फुस्हामध्ये असतात आणि तू त्यांना थेट कार्टूनमधून उतरलेला वाटशील. (याचा एक फायदा आहे, सहा-सात वर्षांची पोरं तुझी फुस्हा घरातल्या कुणापेक्षाही आवडीने ऐकतात.)

तेव्हा सकाळी क्लासमध्ये फुस्हा आणि दुपारनंतर घरात बोली असं धर, आणि संस्थेला स्पष्ट विचार की आठवड्यातले काही तास बोलीचे मिळतील का. जवळजवळ सगळीकडे मिळतात, फक्त मागावे लागतात.

शहराचं म्हणशील तर २०११ च्या आधी लोक डोळे झाकून दमास्कसला जायचे. सीरियातल्या युद्धाने ते संपलं आणि ती गर्दी बरीचशी अम्मानकडे वळली. अम्मानला कासिद ही अरबी शिकवणारी संस्था आहे, जॉर्डन युनिव्हर्सिटीचं भाषा केंद्र आहे. फेसला अरेबिक लँग्वेज इन्स्टिट्यूट १९८३ पासून चाललंय. ट्युनिसला बुर्गिबा इन्स्टिट्यूट उन्हाळी कोर्ससाठी जुनं आणि नावाजलेलं. कैरोची बोली सिनेमा-गाण्यांमुळे अरब जगात सगळीकडे कळते. मोरोक्कोची बोली, दारिजा, मात्र फुस्हापासून खूप लांब, म्हणजे मोरोक्कन माणसाला इजिप्शियन कळतं पण इजिप्शियन माणसाला मोरोक्कन कळायला घाम फुटतो. आणि तुला फ्रेंच येत असेल तर मोरोक्कोत जाऊच नको असं मी म्हणेन, कारण तू अडखळलास की समोरचा लगेच फ्रेंचवर येतो आणि तूही सुटका झाल्यासारखा तिकडे जातोस.

पहिल्यांदाच जात असशील तर माझं मत अम्मान. शहर महाग आहे हे धरून चाल, दिनार १९९५ पासून डॉलरला बांधलेला आहे, एक दिनार म्हणजे साधारण १.४१ डॉलर, त्यामुळे आकडा लहान दिसतो आणि खिसा भराभर रिकामा होतो. पण बोली शामी गटातली, ती आली की सीरियन, लेबनीज, पॅलेस्टिनी सगळं कानाला सोपं जातं.

एक गंमत मात्र आधीच सांगते म्हणजे गोंधळ होणार नाही. काफ हे अक्षर अम्मानमध्ये कोण बोलतंय त्यावर बदलतं, शहरी बायका बहुतेक ते गिळून टाकतात, म्हणजे 'कल्ब'चं (हृदय) 'अल्ब' होतं, आणि पुरुष, त्यातही तरुण पोरं, 'गल्ब' म्हणतात. घरात आईकडून शिकून तू बाहेर मित्रांत 'अल्ब' म्हणालास तर कुणीतरी हसेल. हसू दे, पण का हसला ते माहीत असलेलं बरं.

संस्थेने फॉर्म पाठवलाय, त्यात होस्ट फॅमिलीसाठी 'तुमच्या अपेक्षा' असा एकच रकाना आहे. काय लिहू?

बहुतेक लोक 'स्वच्छ, शांत, वायफाय, स्वतंत्र खोली' एवढं लिहून मोकळे होतात, आणि मग त्यांना नेमकं तेच मिळतं, शांत घर, ज्यात दिवसभर कुणी नसतं!

तू विचार की दुपारी दोन ते सहा घरात कोण असतं. आजी आहे का, लहान मुलं आहेत का. मुलं इंग्रजी शाळेत जातात का. त्याच घरात दुसरा परदेशी विद्यार्थी आहे का, कारण दोघं एका घरात असले की रात्री जेवताना दोघांचं इंग्रजी सुरू होतं आणि घरचे आपापले फोन घेऊन बसतात, हे हमखास. मोरोक्कोत असशील तर घरात आपसात काय बोलतात हेही विचार. तिथे बऱ्याच घरांत तमाझिग्त बोलतात, २०११ च्या राज्यघटनेपासून ती अरबीबरोबर अधिकृत भाषा आहे, भाषा सुंदरच आहे पण तू ती शिकायला चालली नाहीयेस.

शांतता मागू नको. अभ्यासाला लायब्ररी असते, कॅफे असतात. माणसांनी भरलेलं, टीव्ही चालू असलेलं, शेजारीण न विचारता आत येते असं घर मिळालं तर नशीब काढलंस.

जेवण कुठलं धरलंय तेही लिहून घे. अम्मानमध्ये मुख्य जेवण दुपारी उशिरा, तीन-चारला वगैरे, घरची माणसं परतली की. रात्री हलकंफुलकं. तुझ्या करारात 'नाश्ता आणि रात्रीचं' असेल तर खरं जेवण तुझ्या हिशेबाबाहेर राहिलं आणि भाषेचा सगळ्यात चांगला तासही गेला. आणि हो, पैसे शक्यतो संस्थेमार्फत, हातात नाही.

महिना झाला, घरातले सगळे माझ्याशी इंग्रजीतच बोलतात. मी 'प्लीज अरबीत बोला' म्हटलं, दोन दिवस बोलले, परत इंग्रजी. मग मी खोलीत जाऊन बसते. माझ्यातच काही कमी आहे का?

कमी काही नाही गं. ते पाहुणचार करतायत, पाहुण्याला अडखळताना बघणं त्यांना जड जातं, आणि मुलांना फुकटात इंग्रजीचा सराव मिळतोय. 'अरबीत बोला' हा नियम म्हणून कधीच टिकत नाही कारण जेवताना मीठ मागायला कुणाला नियम आठवतो?

माणूस बदल. घरात ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्याशी जमव. बहुतेक घरांत अशी एक तरी व्यक्ती असते, आजी, नाहीतर आई, नाहीतर चार वर्षांचं कार्टं. मुलांशी सौदा कर, त्यांचा इंग्रजीचा गृहपाठ अर्धा तास तू घे आणि मग अर्धा तास त्यांनी तुझी वही तपासायची, पोरं लाल पेन घेऊन फार कडक मास्तर होतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हाताला काम घे. नुसतं समोरासमोर बसून 'बोलू या' म्हटलं की दोन्ही बाजू अवघडतात. त्यापेक्षा आई वरक दवाली करायला बसली, म्हणजे द्राक्षाच्या पानात तांदूळ-खिम्याचं सारण भरून गुंडाळतात ते, की तिच्या शेजारी जाऊन बस. पान शिरांची बाजू वर करून ताटलीवर पसरायचं, देठाचं टोक आपल्याकडे, सारणाची बारीक रेघ आडवी, खालची बाजू वर, दोन्ही कडा आत आणि मग गुंडाळत जायचं. तुझं पहिलं जाडजूड होणार. ती ते उलगडणार. 'मिश हेक', असं नाही, 'हेक', असं. लुफ्फी, गुंडाळ. शिद्दी, घट्ट कर. बायकांना उद्देशून आज्ञा देताना क्रियापदाच्या शेवटी ई येतो हे क्लासमध्ये एकदा फळ्यावर लिहून पुसलं जातं, इथे मोठं पातेलं भरेपर्यंत तेच तेच कानावर पडतं आणि मधेमधे धाकट्या जावेची कागाळीही. कागाळी अर्धी कळली तरी पुष्कळ झालं. शेवटी तुझा जाडा गुंडा ती पातेल्याच्या तळाशी दडपते, वर सारखे बारीक.

दुसरी जागा टीव्हीसमोरची. तुर्की मालिका सीरियन बोलीत डब करून लागतात आणि घरोघरी बघतात. तुला गोष्ट कळणार नाही हे उत्तमच, कारण तेव्हाच प्रश्न सुचतात. 'मीन हादा', हा कोण. 'लेश जअलाने', ती का रुसलीये. एवढ्या दोन वाक्यांवर घरातल्या तिघी तुला मागचे चाळीस भाग सांगायला लागतात, तेही एकदम, एकमेकींचं खोडत.

म्हणून मी लोकांना सांगते की अम्मानला उन्हाळ्यापेक्षा थंडीत जा. ऐकून विचित्र वाटेल. तिथे डिसेंबर-जानेवारीत कडक थंडी असते, कधी बर्फही पडतं, दगडी घरं गार पडतात आणि बऱ्याच घरांत शेगडी, म्हणजे सोबा, एकाच खोलीत पेटवतात. तुझ्या खोलीत बसवतच नाही. झक मारत सगळ्यांबरोबर बसावं लागतं, सोब्यावर चहाची किटली असते, कुणीतरी ब्रेड शेकतं, आणि जायला दुसरी जागा नसल्याने तीन तास अरबी ऐकत राहतेस. उन्हाळ्यात हेच लोक लग्नांना, बाहेर, नातेवाइकांकडे, आणि तू पंख्याखाली फोन घेऊन.

खोलीत जाऊन बसणं तेवढं बंद कर. निदान दार उघडं ठेव.

मी पूर्ण शाकाहारी. जमेल का, की रोज ब्रेड-जॅम?

जमेल, शामी जेवणात शाकाहारी खूप आहे. हुम्मुस, फलाफल, फूल (हे फावा बीन्सचं, नाश्त्याला), लबने, जातर, मसुरीचं सूप, आणि मुजद्दरा, म्हणजे मसूर-तांदूळ आणि वर कुरकुरीत तळलेला कांदा, हे तुम्ही दुसऱ्यांदा मागून खाल.

अडचण वेगळीच आहे. 'मी लहम खात नाही' असं सांगितलंत की समोर चिकन येतं, कारण रोजच्या बोलण्यात लहम म्हणजे बोकड-मेंढी-बीफ. चिकन नाही म्हटलं की मासा. मासा नाही म्हटलं की चिकनच्या पाण्यात शिजवलेला भात, आणि माउली प्रेमाने सांगणार की यात मांसाचा तुकडाही नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी चार शब्द एका दमात सांगायचे, ला लहम, ला दजाज, ला समक, ला मरक. मरक म्हणजे तो रस्सा किंवा स्टॉक, तो शब्द विसरू नका. पुस्तकात नबाती हा शब्द आहे शाकाहाऱ्यासाठी, पण त्याने घरातल्या आजीला नक्की काय ते उमगेलच असं नाही.

मन्सफ मात्र तुमच्यासाठी नाही, मेंढीचं मटण आणि जमीद नावाच्या वाळवलेल्या दह्याचा रस्सा, जॉर्डनचं राष्ट्रीय जेवण. लग्न-मयत-पाहुणे, सगळीकडे तेच. त्या दिवशी नुसता भात आणि दही मागा आणि कारण म्हणून तब्येत सांगू नका, नाहीतर पुढचे चार दिवस काढे प्यावे लागतील. 'आमच्याकडे असंच आहे' म्हटलं की लोक पटकन समजून घेतात.

पोट भरलं तर शबिअत, अल्हमदुलिल्लाह. एकदा म्हणून कुणी ऐकत नाही, तीनदा म्हणा, आणि ताटात थोडं राहू द्या, पूर्ण पुसून खाल्लंत तर परत वाढलं जातं.

माझी मुलगी एकवीस वर्षांची आहे, ती अम्मानला चाललीये. होस्ट फॅमिलीच्या घरी राहणं मुलीसाठी सुरक्षित का? यजमानांनी रात्री नऊच्या आत घरी यायचं असं कळवलंय, तिला हे जाचक वाटतंय.

ताई, एकटीने फ्लॅट घेण्यापेक्षा घर मला कधीही बरं वाटतं. संस्था घरं बघून ठेवते, आणि तिथे आजूबाजूचे तुमच्या मुलीला त्या घरची मुलगी म्हणून ओळखायला लागतात, याचं वजन मोठं असतं. वेळेचं बंधन त्याच वजनाची दुसरी बाजू आहे. ती उशिरा आली तर शेजारी यजमानांना बोलतात. तिला हे पटवू नका, एवढंच सांगा की घरच्या मुलींना जी वेळ आहे तीच तिला आहे का हे बघ. तीच असेल तर पाळ. तिला वेगळी कडक वेळ असेल तर संस्थेतल्या बाईंमार्फत बोलता येतं. उशीर होणार असेल तर मेसेज नाही, फोन.

टॅक्सीत मागे बसायचं, पुढे नाही, तिथे बायका मागेच बसतात. कपडे सैल, बाह्या आणि पाय झाकतील असे. डोकं झाकायची सक्ती नाही. रस्त्यात टोमणे-शेरे ऐकू येतात हे खरंय, लपवत नाही, आणि त्यावर घरातल्या बहिणी काय करतात ते बघून तसंच करणं सगळ्यात सोपं.

आणि मुलांचं काय? मला संस्थेने 'पुरुष विद्यार्थ्यांसाठी घरं कमी आहेत' असं कळवलं.

खरंच कमी असतात. मुस्लिम घरांतल्या बहुतेक बायकांना परक्या पुरुषासमोर डोकं झाकावं लागतं, म्हणजे तू स्वयंपाकघरात पाणी प्यायला आलास तरी त्यांना स्कार्फ शोधावा लागणार, कोण हे रोज करेल? त्यामुळे मुलांना बरेचदा वेगळं दार असलेली खोली मिळते, किंवा फक्त मुलगे असलेलं घर, किंवा ख्रिश्चन कुटुंब. अम्मानमध्ये ख्रिश्चन कुटुंबं पुष्कळ आहेत आणि बोली तीच.

घर मिळालं तर एक सवय लाव. खोलीतून बाहेर येताना किंवा जिन्यावरून आत येताना मोठ्याने 'या साअतिर' म्हणायचं, तिथले पुरुष म्हणतात, म्हणजे आतल्या बायकांना सावध व्हायला वेळ मिळतो. आठवड्याभरात घरचा बाप तुझ्यावर खूश. घरात बोलायला कमी मिळालं तर वाईट वाटून घेऊ नको, बाप आणि भावांबरोबर बाहेर जा, वर्कशॉप, दुकान, क्लबची मॅच, कॅफेतला पत्त्यांचा अड्डा, पुरुषांची अरबी तिथे असते.

मी अंघोळीला पंधरा-वीस मिनिटं घेते. घरची बाई काही बोलत नाही पण तोंड पाडते. भाडं तर पूर्ण देतेय!

भाड्याचा प्रश्नच नाही. जॉर्डन पाण्याच्या बाबतीत जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी आहे आणि अम्मानमध्ये नळाला पाणी बऱ्याच भागांत आठवड्यातून एकदाच येतं. त्या दिवशी गच्चीवरच्या टाक्या भरून घेतात आणि पुढचा आठवडा त्याच्यावर. मधे संपलं तर टँकर विकत. आता तुझी वीस मिनिटं त्या टाकीत मोजून बघ. पाणी येतं तो वार विचारून घे, डोकं धुणं, कपडे धुणं त्या दिवशी, बाकी दिवस साबण लावताना नळ बंद. आणि बाहेर आलीस की घरातले नईमन म्हणतील, त्यावर तू 'अल्ला यिनअम अलेकी' म्हण. तोंड सरळ होईल.

माझा कोर्स रमजानात येतोय. पुढे ढकलू का?

मुळीच नको. क्लासचे तास कमी होतात, दुपारी शहर पेंगतं, टॅक्सीवाले इफ्तारच्या आधी अर्धा तास विमान चालवल्यासारखे सुटतात, हे सगळं आहे. जॉर्डनमध्ये दिवसा उघड्यावर खाणं-पिणं कायद्यानेच बंद असतं, बाटलीतलं पाणीसुद्धा आडोशाला प्यायचं. मोरोक्कोत तर घड्याळच तासभर मागे करतात त्या महिन्यात.

पण बाकी अकरा महिन्यांत दिसत नाही ते घर रमजानात दिसतं. अजानची वाट बघत सगळे टेबलाशी बसलेले असतात, मग खजूर, मसुरीचं सूप, जर्दाळूचं सरबत, नंतर कतायफ हा गोड पदार्थ. मग रात्री मामे-मावस भावंडांची ये-जा आणि नव्या मालिका, कारण वर्षातल्या मोठ्या मालिका याच महिन्यात रोज एक भाग अशा लागतात. दुसऱ्या दिवशी वर्गात, दुकानात, सगळीकडे त्याच मालिकेची चर्चा, म्हणजे तुला बोलायला विषय आयता. उपास तू धरायची गरज नाही. घरच्यांसोबत इफ्तारला मात्र वेळेवर बस.

सारखं विचारतात, लग्न झालं का, का नाही झालं, धर्म कुठला. चिडायला होतं.

चिडून काय करणार, अरबीचा पहिला महिना याच तीन प्रश्नांवर निघतो. निदान उत्तरं तरी सफाईने यायला लागतात. लग्नाचं विचारलं की हसून इन्शाअल्ला, त्यावर घरच्या बायका म्हणतात 'निफ्रह फीकी', तुझ्या लग्नात आम्ही आनंद करू, संपला विषय उद्यापर्यंत. धर्माचं विचारताना बरेचदा पर्याय दोनच देतात, मुस्लिम की मसीही. हिंदी म्हटलंस तर तो देश झाला, हिंदू असशील तर हिंदूसी म्हणावं लागतं. पुढे गायीचा प्रश्न येतो, येतोच. मग अमिताभ बच्चन. त्या माणसाने अरब देशांत आपली किती कामं सोपी करून ठेवलीयत त्याला कल्पना नसेल.

वाद घालू नको, पण गुळमुळीतही बोलू नको. आपल्या घरी काय करतो ते साध्या वाक्यांत सांगणं हा भाषेचा उत्तम सराव आहे, आणि ऐकणाऱ्याला खरंच कुतूहल असतं. राजकारण मात्र तू काढू नकोस. जॉर्डनमध्ये कितीतरी कुटुंबं मूळची पॅलेस्टिनी आहेत, त्यांनी स्वतःहून सांगितलं तर ऐक, प्रश्न कमी विचार.

आमच्या होस्ट घरी मला फक्त ताट खोलीत आणून देतात. बोलत नाहीत. भाड्यासाठीच ठेवलंय सरळसरळ. घर बदलू का?

भाड्यासाठी तर सगळेच ठेवतात रे, त्यात गैर काय. भाडंही घेतात आणि जीवही लावतात अशी घरं मी पाहिलीयत. ताट खोलीत येतंय याचा अर्थ दोन्ही असू शकतो, त्यांना तू नकोयस किंवा त्यांना वाटतंय की तुला एकटं खायचंय. पहिल्यांदा ताट घेऊन तूच बाहेर ये आणि बस. लोकांना पाहुण्याचा सलोन आणि घरच्यांची बसायची खोली अशा दोन जागा असतात, तुला सलोनमध्ये बसवतायत तोवर तू पाहुणा. आईला काम करताना बघितलंस की 'यातीकी अल आफ्ये' म्हण, कष्ट करणाऱ्याला म्हणतात ते, आणि भांडी उचलून आत ने. नको नको म्हणतील, तरी ने.

दोन आठवडे असं करूनही काही हललं नाही तर संस्थेच्या राहण्याची सोय बघणाऱ्यांना सांग आणि बदल. खोटं कारण देऊ नको, 'मला जास्त बोलायला मिळेल असं घर हवंय' हे पुरेसं आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने लाजेखातर अख्खी टर्म अशा घरात काढली आणि परत येताना तिची अरबी होती तिथेच. पैसे संस्थेमार्फत द्या म्हणते ते याचसाठी, बदलताना भांडण होत नाही.

किती दिवसांत बोलायला लागेन? मी सहा आठवड्यांचा कोर्स घेतलाय.

अमेरिकन परराष्ट्र खातं आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांसाठी अरबीला साधारण २२०० तास धरतं. तुझ्याकडे सहा आठवडे. बाजारात, टॅक्सीत, जेवताना निभावेल एवढं येईल, जर २८ अक्षरं आणि वाचन इथूनच पक्कं करून गेलीस तर. अक्षरं गिरवण्यात तिथले पहिले दहा दिवस घालवणं म्हणजे निव्वळ पैशांची नासाडी.

थोडक्यात

भेट काय न्यावी? खायचं न्या, बंद डब्यातलं, जिलेटिन आणि दारूचा अंश नसलेलं. घरातल्या वस्तूचं किंवा बाळाचं कौतुक करताना आधी माशाल्ला म्हणा, नाहीतर दृष्ट लागली म्हणतील. आणि वस्तूचं फार कौतुक करू नका, उचलून हातात ठेवतात.

दुकानदार 'लेरा' मागतो, माझ्याकडे तर दिनार आहेत? तोच दिनार. बोलताना लेरा म्हणतात. पाच किर्शला (दिनाराचे सुटे पैसे) शिलिन, दहाला बरीजा. ही नावं पावतीवर कुठेच नसतात, घरातल्या मुलाला सुटे पैसे देऊन एकदा ओळीने मांडायला सांगा.

घरातली मुलगी मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत मधेच ३ आणि ७ टाकते, हे काय? इंग्रजीत नसलेली अरबी अक्षरं आकड्यांनी लिहितात, ३ म्हणजे ऐन, ७ म्हणजे घशातला हा, २ म्हणजे हम्जा. तुम्हीही तसंच लिहायला लागा, पण अरबी कीबोर्ड आधी टाकून घ्या, नाहीतर स्पेलिंग कधीच बसणार नाही.

जाताना रडू येतं का? हो. आणि घरच्या बायका पुढच्या वेळी हॉटेलात राहायचं नाही अशी शपथ घ्यायला लावतात, तेव्हा मोघम इन्शाअल्ला म्हणून सुटायला बघू नका, या इन्शाअल्लाचा अर्थ त्यांना तुमच्याहून चांगला कळतो.